एवढे आलोच आहोत तर...

राळेगावहून लांबच्या प्रवासाला निघायचं तर दोन मोठ्या वाटा. एक वडकीची. तिथं हैदराबादचा हायवे लागतो, मग पांढरकवडा, पैनगंगेचा पूल, आदिलाबाद. दुसरी कळंबची. तिथून यवतमाळ, आर्णी, धनोडा आणि माहूर. दोन्ही वाटांवर एकेक धबधबा टपून बसलेला आहे. हैदराबादच्या वाटेवर आदिलाबादच्या पुढे हायवे सोडला की कुंताला, तेलंगणातला सर्वांत उंच म्हणून ओळखला जाणारा. माहूरच्या वाटेवर किनवट मागे टाकलं की पैनगंगेवरचं सहस्रकुंड. आमच्या तालुक्यात कापूस, तूर, सोयाबीन पाहिजे तेवढं आहे, पण पाहुण्यांना दाखवावा असा धबधबा नाही. उन्हाळाभर ४४-४५ अंशांत भाजून निघालेल्या माणसाला पावसाळ्यात पडतं पाणी दिसलं की तो वेडा होतो. त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून हे लिहिते आहे. पुढच्या पावसाळ्यात आमच्याकडून कितीतरी गाड्या माहूरला, नांदेडला, बासरला जातील. त्यातल्या निम्म्या गाड्यांत कोणीतरी ते एक वाक्य बोलेल, जे आमच्या गाडीत बोललं गेलं.

१५ ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या होत्या आणि राखीसाठी नणंद मुलांना घेऊन आली होती. कपाशीचं निंदण आटोपलं होतं. दोन गाड्या काढल्या. एकीत आम्ही आणि सासूबाई, दुसरीत नणंद, भाऊजी आणि मुलांची पलटण. बेत सरळ होता. सकाळी निघायचं, माहूरला रेणुकामातेचं दर्शन घ्यायचं, मुक्कामाला नांदेड गाठायचं, दुसऱ्या दिवशी गुरुद्वारा पाहून अर्धापूर-उमरखेडवरून घरी. सहस्रकुंड कोणाच्याही यादीत नव्हतं.

सकाळी निघायचं म्हणजे आमच्याकडे चहा होईस्तोवर ऊन वर येतं. कळंबच्या चिंतामणीला गाडीतूनच हात जोडले. राळेगाव ते माहूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता बरा होता, पण माहूरला सुट्टीची गर्दी होती. सासूबाईंच्या गुडघ्यांनी पायऱ्या चढायला जो वेळ घेतला, तो घेतला. दर्शन झालं, विड्याचा प्रसाद झाला, मुलांना दत्तशिखर पाहायचं होतं तेही झालं. जेवून हात धुतले तेव्हा दुपार कलली होती. आणि भाऊजी म्हणाले, "एवढे आलोच आहोत तर सहस्रकुंड करून घेऊ. वाटेतच तर आहे."

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. प्रवासात वाट वाकडी होते ती याच वाक्याने. त्यात 'वाटेतच' हा शब्द असतो आणि तो अर्धाच खरा असतो. किनवट-इस्लापूर-हिमायतनगर-भोकर असा नांदेडचा रस्ता आहेच. सहस्रकुंड त्या रस्त्यापासून फार आत नाही. नकाशावर पाहिलं तर बोटाएवढी वाकडी वाट. पण नकाशा तेवढंच दाखवतो. गाडी लावणं, चालत खाली जाणं, फोटो, भजी, कोणाला तरी बाथरूमला जायचं असणं, आणि शेवटी पांगलेली माणसं पुन्हा गाडीत कोंबणं, हे त्यावर लिहिलेलं नसतं. दोन गाड्यांचं कुटुंब एखाद्या ठिकाणी उतरलं की दीड-दोन तास गेलेच समजा. मग जो उजेड नांदेडच्या रस्त्यासाठी हवा होता, तो धबधब्यात वाहून जातो.

आता नदीविषयी थोडं बोलते, कारण सगळी गोम तिथं आहे.

धबधबा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीतला कडा येतो. वरून पांढरी धार आणि खाली भिजणारी माणसं. सहस्रकुंड तसं नाही. तिथं अख्खी पैनगंगाच काळ्या खडकावर पसरते आणि फुटून खाली कोसळते. एका काठाला नांदेड जिल्हा, दुसऱ्या काठाला आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड तालुका, त्यातला पैनगंगा अभयारण्याचा जंगलपट्टा, ज्याला तिकडे बंदी भाग म्हणतात. काठावर महादेवाचं मंदिर आहे. पाणी बेताचं असलं की खडक उघडे पडतात आणि माणसं त्यांच्यावर चालत पार मधोमध जातात. म्हणजे ती धबधब्याजवळ उभी नसतात, ती नदीच्या पात्रात उभी असतात. पात्र रिकामं असतं, कारण नदी तेवढ्यापुरती आखडलेली असते.

ही नदी येते कुठून? बुलढाण्याच्या डोंगरातून. वाशिम, हिंगोली, यवतमाळचं पाणी गोळा करत. वर ईसापूरचं मोठं धरण आहे. धरणाच्या खाली हिंगोलीकडून आलेली कयाधू नदी तिला मिळते आणि मग ती सहस्रकुंडला पोचते. ऑगस्ट-सप्टेंबरात ईसापूर भरलं की दरवाजे उघडतात, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला जातो, पेपरात बातमी येते. ही बातमी आपण शेतीच्या पाण्याची म्हणून वाचतो आणि पान उलटतो. सहस्रकुंडला जाणाऱ्यासाठी तीच बातमी सर्वांत महत्त्वाची असते. धरण बंद असलं तरी कयाधूच्या खोऱ्यात रात्री जोराचा पाऊस झाला की ते पाणी दुसऱ्या दिवशी खाली येतं. तोवर खाली कोरडं ठणठणीत ऊन पडलेलं असू शकतं.

आम्ही पोचलो तेव्हा असंच ऊन होतं. आभाळ धुतल्यासारखं निळं. पाण्याला जोर होता, पण बऱ्याच खडकांची डोकी उघडी होती आणि त्यांच्यावर माणसं होती. माणसं दिसली की माणसाला धीर येतो. भाऊजी मुलांना घेऊन खाली उतरले. काठ आणि एक रुंद खडक यांच्यामध्ये घोट्याएवढं पाणी वाहत होतं, ते ओलांडून सगळे पलीकडे गेले. आम्ही बायका सासूबाईंना घेऊन वरच बसलो. तिथं एक बाई कोळशावर बुट्टे भाजत होती. बुट्टा भाजता भाजता ती सारखी नदीकडे पाहायची. आम्हाला वाटलं, गिऱ्हाईक पाहते.

एकदम ती उठून उभी राहिली आणि ओरडली, "ओ भाऊ, लेकरं वर घ्या! पाणी वाढायलंय!"

सासूबाई म्हणाल्या, "काऊन चिल्लावून राह्यली ही बाई?" आम्हाला तर नदी होती तशीच दिसत होती. पण त्या बाईला दिसलेलं आम्हाला नंतर तिनेच सांगितलं. पाण्याचा रंग पालटला होता. हिरवट होतं ते मातकट झालं. वरून काडीकचरा आणि फेसाचे गोळे यायला लागले. आणि आवाज जड झाला. या तिन्ही खुणा पाण्याची पातळी डोळ्यांना वाढलेली दिसण्याच्या आधी येतात. खाली उभ्या असलेल्यांना त्या कळत नाहीत, कारण फोटोसाठी त्यांची पाठ नदीकडे असते आणि पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात त्यांना हाकही ऐकू येत नाही. माझ्या हाका भाऊजींना ऐकू आल्या नाहीत. त्यांनी हात हलवून दाखवला. त्यांना वाटलं, मी बुट्टे खायला बोलावते.

तिथल्याच दोन पोरांनी धाव घेतली. एकाच्या हातात लांब बांबू होता. मुलं परत फिरली तोवर घोट्याएवढ्या पाण्याचं गुडघ्याएवढं झालं होतं. गुडघा म्हणजे मोठ्या माणसाचा. आमच्या लहान भाच्याच्या ते कमरेला लागत होतं. त्या पोरांनी बांबू आडवा धरला आणि एकेक लेकरू खांद्यावर घेऊन अलीकडे आणलं. भाऊजी शेवटी आले. त्यांची चप्पल गेली, मोबाइल गेला, आणि खडकावर आपटून नडगी सोलली. बाकी सगळे धड होते. चहा पिऊन होईस्तोवर ते ज्या खडकावर उभे होते, तो खडकच दिसेनासा झाला.

झालं ते एवढंच. पण यात बुट्टे भाजणारी बाई वजा करून पाहा.

ज्यांच्या नशिबात ती बाई नव्हती अशा कुटुंबांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. इंदूरजवळच्या पाताळपाणीला १७ जुलै २०११ ला एक कुटुंब असंच प्रवाहाच्या मधोमध अडकलं. एकमेकांना धरून पाच जण उभे होते, काठावरून लोक बघत होते. पाचही जण वाहून गेले आणि तिघं दगावली. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला पुण्याच्या एका कुटुंबाचं तेच झालं. तेही एकमेकांना मिठी मारून उभे होते, त्यांत लहान मुलं होती, आणि पाच जीव गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पावसाळी पर्यटनाच्या ठिकाणी बंदी आदेश निघाले. आमच्या अगदी जवळचं उदाहरण वरूड तालुक्यातल्या झुंजचं. जी वर्धा नदी खाली राळेगाव तालुक्याची शीव होऊन वाहते, तीच नदी. १४ सप्टेंबर २०२१ ला दशक्रियेसाठी जमलेले नातेवाईक तिथं गेले आणि नाव उलटून एकाच गोतावळ्यातल्या ११ जणांना जलसमाधी मिळाली. धार्मिक कार्याला जमलेली माणसं, धबधबा जवळच. त्या वेळी त्यांच्यातही कोणीतरी ते वाक्य बोललं असेल, असं मला राहून राहून वाटतं.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: कुटुंब. एकटा माणूस पाण्यात उतरताना स्वतःपुरता तरी घाबरतो. कुटुंबात प्रत्येकाला वाटतं की दुसरा लक्ष ठेवून आहे. आईला वाटतं बाबा आहेत, बाबांना वाटतं मामा आहे, मामा फोटो काढत असतो. म्हणून पहिली गोष्ट सांगते ती ही की गाडीतून उतरण्याआधीच एका माणसाला पाण्यावर नेमा. नाव घेऊन नेमा. त्याने फोटो काढायचे नाहीत, बुट्टा खायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही. काठावर उंच जागी उभं राहून वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडे, पाहत राहायचं. त्याच्या हाती शिट्टी द्या. शिट्टी दहा-वीस रुपयांत मिळते आणि धबधब्याच्या आवाजातही माणसाच्या हाकेपेक्षा चांगली ऐकू येते. शिट्टी वाजली की 'का' विचारायचं नाही, बाहेर यायचं, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा. मोठ्यांना दोनदा सांगा.

दुसरी गोष्ट जास्त कडक आहे. जिथं पोचायला वाहतं पाणी ओलांडावं लागतं, त्या खडकावर जायचंच नाही. पाणी घोट्याएवढं असो की बोटभर. जाताना ओलांडलेलं पाणी येताना तेवढंच राहील याची हमी कोणी देत नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याचा ठोकताळा असा आहे की वेगाने वाहणारं ६ इंच पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं, फूटभर पाणी लहान गाडी वाहून नेऊ शकतं, आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. ६ इंच म्हणजे एक वीतही नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, म्हणून सकाळी ज्या पाण्यात पोरं खेळली तेच पाणी संध्याकाळी तेवढंच खोल असूनही पाय उचलून नेतं. त्यात खडकाला शेवाळ. चप्पल घसरते, अनवाणी पायही घसरतो.

तरीही कोणी अडकलंच, तर घाईने अलीकडे येण्याच्या मागे लागू नये. पाणी जोराने वाहत असेल तर ते ओलांडण्यापेक्षा आहे त्या बाजूच्या सर्वांत उंच जागी चढावं, मग ती बाजू गाडीपासून पलीकडची का असेना. एक रात्र पलीकडे काढलेली परवडते. कोणी वाहायला लागलं तर पट्टीचा पोहणारा नसलेल्याने मागे उडी घेऊ नये. एका बुडणाऱ्यामागे घरातले आणखी दोघं जातात, ते असंच. साडी, ओढणी, दोर, बांबू, गाडीतला झाकण लावलेला पाण्याचा रिकामा कॅन, जे तरंगेल किंवा पोचेल ते फेकावं. आणि काठावरच्या एकाने मोबाइलवर चित्रीकरण करण्याऐवजी ११२ लावावा.

गावातली माणसं ओरडली तर ऐकावं, हे मुद्दाम वेगळं सांगते. शहरातून आलेल्याला वाटतं की हे लोक उगाच भीती घालतात. किंवा, खरं सांगायचं तर, बुट्टे विकणाऱ्या बाईचं काय ऐकायचं असंही वाटतं. ती बाई त्या नदीपाशी रोज बसते. त्या नदीपुरता तिच्या तोडीचा जाणकार दुसरा नाही. आपण पोचल्यावर आधी तिच्याकडून चार बुट्टे घ्यावेत आणि विचारावं की काल पाणी किती होतं, आज सकाळी किती होतं.

आता रात्रीचं सांगते, कारण धबधब्यातून सुटलेलं कुटुंब पुष्कळदा रस्त्यावर अडकतं.

सहस्रकुंडहून निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलं भिजलेली, भाऊजी गप्प, नणंद रडून मोकळी झालेली. दोन गाड्या पुढे-मागे. आणि जो पाऊस सहस्रकुंडला नव्हता तो आता समोरून आला. एका गावाजवळ नाल्याच्या रपट्यावरून पाणी वाहत होतं. अलीकडे एक एसटी उभी होती, दोन ट्रक उभे होते. आमच्या डोळ्यांदेखत एक मोटारसायकलवाला पाणी उडवत पलीकडे गेला. मागच्या गाडीतून भाऊजी उतरून आले आणि म्हणाले, "तो गेला ना, आपणही जाऊ." घरचे म्हणाले, "एसटी काऊन थांबली मग?"

त्या प्रश्नाने आमची रात्र वाचवली. २८ सप्टेंबर २०२१ ला आमच्याच जिल्ह्यात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना नागपूरला निघालेली एसटी बस वाहून गेली. चालक आणि वाहकही वाचले नाहीत. एवढी जड बस, मुरलेला चालक. तिथं आपल्या सात सीटच्या गाडीची काय कथा? तेव्हा रस्त्यावरचा नियम असा ठेवा: कोणी गेलं म्हणून जायचं नाही, कोणी थांबलं तर मात्र थांबायचं. रपट्यावर पाणी असताना खालचा रस्ता आहे की खचला, हे गाडीच्या दिव्यांत दिसत नाही. आपल्या भागातल्या नाल्यांचं पाणी बहुधा काही तासांत उतरतं. तेवढं थांबणं हाच सर्वांत जलद रस्ता.

आमचं पाणी मात्र रात्रभर उतरलं नाही. त्या गावात एका घरी ओसरी मिळाली, पिठलं-भाकरी मिळाली, मुलांना कोरडे कपडे मिळाले. पैसे घेतले नाहीत. मराठवाड्याच्या त्या अनोळखी घराचे उपकार फिटायचे नाहीत.

त्या ओसरीवर बसून जे जे आठवलं ते पुढच्या प्रवाशांच्या कामाचं आहे. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या दुसऱ्या गाडीत होत्या. दोन गाड्यांची मध्येच ताटातूट झाली असती तर? दोन गाड्या असतील तर औषधं, पाणी, बॅटरी आणि थोडे रोख पैसे दोन्हींत असावेत. भाऊजींचा मोबाइल पाण्यात गेला आणि त्यांना बायकोचा नंबरही पाठ नव्हता. आजकाल कोणाचा कोणाला पाठ नसतो. मुलांच्या खिशात कागदावर दोन नंबर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. किनवट ते इस्लापूर पट्ट्यात आणि पलीकडच्या बंदी भागात रेंज येते-जाते, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी निघण्याआधीच कळवून ठेवावं की कोणत्या रस्त्याने येतो आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर काळजी करा. नकाशा घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा. बायकांची म्हणून एक अडचण असते, ती पुरुषांच्या बेतात कधीच नसते. माहूर-किनवटच्या पुढे बरं स्वच्छतागृह शोधावं लागतं. अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोचायचं हे निदान एवढ्यासाठी तरी मान्य करा.

गाडी भाड्याची असेल तर पाटी पिवळी आहे का पाहा. ओळखीतला कोणीतरी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देतो, पण भाड्याने चालवलेल्या खासगी गाडीला अपघात झाला की विम्याच्या भरपाईला अडचण येते. सात सीटमध्ये दहा माणसं बसवली तरी तेच. चालक गावचाच असला तरी तो सकाळपासून चालवतो आहे हे विसरू नका. आपण धबधब्यावर दोन तास घालवतो तेव्हा तोही आपल्याबरोबर फिरत असतो. झोपलेला नसतो.

हवामानाचं म्हणाल तर आता अडाणी राहायला जागा नाही. हवामान खातं जिल्ह्यानुसार पिवळा, नारिंगी, लाल इशारा देतं. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर त्याला अत्यंत जोरदार पाऊस म्हणतात, आणि लाल इशारा त्या पातळीच्या पावसासाठी असतो. फक्त इशारा बघताना आपला जिल्हा बघून भागत नाही. सहस्रकुंडला जायचं तर हिंगोली, वाशिम, बुलढाणा बघा. नदी जिथून येते तिथलं आभाळ बघा. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. आमच्याकडे शेतात जाणारेही ते वापरायला लागले आहेत. उघड्या खडकावर उभ्या माणसाला विजेचाही तेवढाच धोका. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. घरातून निघताना तिथं एक फोन लावून ईसापूरमधून पाणी सोडलं आहे का एवढंच विचारलं तरी चालतं. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पुराने वेढलं तेव्हा माणसं काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. पैनगंगेच्या खोऱ्यातला पाऊस कधी कधी या थराला जातो.

अंधाराविषयी मी जरा हट्टी आहे, आणि राळेगावची असल्यामुळे आहे. टी-१ वाघिणीचे दिवस आम्ही काढले आहेत. तेरा बळींची नोंद तिच्या नावावर होती आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री आमच्याच तालुक्यात बोराटीला ती मारली गेली. ती मारणं बरोबर की चूक यावर आजही आमच्या घरी वाद होतो. पण त्या काळात शेतात गेलेलं माणूस दिवस बुडायच्या आत घरात असायचं. गुरं आधी, माणसं त्यांच्यासोबत. कोणाला ते सांगावं लागत नव्हतं. वाघीण गेली आणि ती शिस्तही गेली. प्रवासात ती परत आणायला हरकत नाही.

आणि शेवटी त्या वाक्याचं. "एवढे आलोच आहोत तर" असं कोणी म्हटलं की घड्याळ बघा. दुपारचे दोन वाजून गेले असतील तर उत्तर 'नाही' असावं. रुसलेला भाऊजी दुसऱ्या दिवशी हसतो. धबधबा बघायचाच असेल तर तो बेताच्या शेपटीला बांधू नका, आधी ठेवा. नांदेडला किंवा किनवटला मुक्काम करून सकाळी सहस्रकुंड, मग माहूर, मग उजेडात घर. देवीचं दर्शन नंतरही होतं.

सहस्रकुंड सुंदर आहे. जरूर जा. सकाळी जा, काठावरून बघा, आणि ईसापूरच्या पाण्याची चौकशी केल्याशिवाय घरून निघू नका.